दोन शेवाळें : एक हिमनदीकांठचें, एक सरोवराच्या तळचें

मृगाचा पाऊस पडला म्हणजे विहिरीच्या कांठाचे दगड, पडक्या वाड्याच्या भिंती आणि कौलांच्या पन्हळी आठ-पंधरा दिवसांत हिरव्या दिसूं लागतात. त्याच सुमारास डबक्यांच्या व तळ्यांच्या पाण्यावरही हिरवा थर धरतो. ह्या दोहोंस आपण एकाच नांवानें ओळखतों : शेवाळ. त्यावरून पाय घसरला म्हणजे त्यास दोष द्यावयाचा आणि घागर बुडविण्यापूर्वीं तें हातानें बाजूस सारावयाचें, ह्यापलीकडे आपला त्याच्याशीं फारसा संबंध येत नाहीं. परंतु भिंतीवरचें शेवाळ व पाण्यांतलें शेवाळ हीं एकमेकांपासून इतकीं दूर आहेत कीं, त्यांच्या मानानें ज्वारी आणि आंबा हीं सख्खीं भावंडें म्हणावयास हरकत नाहीं. वनस्पतिशास्त्रावरील मराठी ग्रंथकारांनीं हा घोंटाळा टाळण्यासाठीं पहिल्या वर्गास ‘शेवाळी’ व दुसऱ्यास ‘शैवल’ अशीं निराळीं नांवें योजिलीं आहेत. प्रस्तुत लेखांत आम्ही तींच चालविणार आहों.

हा विषय शेतीच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, अमुक वनस्पति नष्ट होत चालली, तमुक प्राणी संपत आला, अशीं वर्तमानें हल्लीं वारंवार वाचावयास मिळतात व त्या सर्वांचें कारण एकच सांगून वर्तमानपत्रें मोकळीं होतात. शेतकऱ्यास हें पटण्यासारखें नाहीं. शेतांतलें पीक पिवळें पडलें तर तें पाणी सांचल्यानें पडलें, नत्र कमी पडल्यानें पडलें, कीं मुळाशीं हुमणी लागल्यानें पडलें, हें पाहिल्यावांचून जो उपाय करील त्याचा पैसा व हंगाम दोन्ही वायां जातात. तीच दृष्टि ठेवून आम्ही एक शेवाळी व एक शैवल घेतलें आहे. दोन्ही संकटांत आहेत. दोन्ही थंड मुलुखांतलीं आहेत. दोन्हींविषयीं शास्त्रज्ञांनीं बरेंच लिहून ठेविलें आहे. आणि ह्यांपैकीं एकाच्या ऱ्हासांत शेतकऱ्याचाही हात आहे, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

प्रथम दोहोंतील भेद. भिंतीवरच्या मखमलीचा चिमूटभर तुकडा उपटून साध्या भिंगाखालीं धरला तर त्यांत सुटीं सुटीं लहान रोपें दिसतात. प्रत्येकास देंठ आहे, देंठावर पानें आहेत. क्वचित् वर एक बारीक दांडी व तिच्या टोंकास टोपण घातलेली डबी दिसते. त्या डबींत बीजुकें असतात व तीं वाऱ्यावर उडून नव्या जागीं रुजतात. मात्र ह्या रोपास खरें मूळ नाहीं. तळाशीं जे केसासारखे तंतू असतात ते केवळ दगडास धरून राहण्यापुरते. पाणी व क्षार तें मुख्यतः सर्वांगानें शोषतें. म्हणून ऊन पडलें कीं सुकतें, सर आली कीं पुन्हां टवटवीत होतें. ही झाली शेवाळी. (भिंतीवरची प्रत्येक हिरवळ शेवाळीच असते असें नाहीं, कांहीं शैवलेंही ओल्या भिंतीवर राहतात. पान-देंठ दिसलें तर शेवाळी, नुसता बुळबुळीत लेप असला तर बहुधा दुसरें कांहीं, ही खूण घरगुती उपयोगापुरती पुरे.) आतां तळ्यांतली हिरवी झुलपें उचलून पाहा. त्यांत पान नाहीं, देंठ नाहीं. पेशीस पेशी जोडून झालेले नुसते धागे आहेत. हें शैवल. ह्याचा सगळा संसार पाण्यांत, व पाण्यांत विरघळलेलें जें असेल त्यावर ह्याचें पोट.

आतां पहिली वनस्पति. तिचें शास्त्रीय नांव ताकाकिया. ह्या नांवाच्या वंशांत जगांत दोनच जाती आहेत. त्यांपैकीं एकीचें वर्णन विल्यम मिटन ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें सिक्कीमकडील हिमालयांत मिळालेल्या नमुन्यावरून इ. स. १८६१ मध्यें केलें होतें. परंतु त्या वेळीं त्यानें तिला भलत्याच वंशांत घातलें. पुढें जपानांतील पर्वतांवर नोरिवो ताकाकि ह्यांस दुसरी जात सांपडली आणि इ. स. १९५८ मध्यें त्यांच्याच नांवावरून वंशाचें नांव ठरलें. जपानी लोकांनीं तिला दिलेलें बोलींतलें नांव मोठें गमतीचें आहे. त्याचा भावार्थ ‘हें आहे तरी काय’ शेवाळ असा होतो. आणि तें खोटेंही नव्हतें. ही शेवाळी आहे, कीं यकृतका नांवाच्या तिच्या चुलत वर्गांतली आहे, कीं शैवलच आहे, ह्याचा निकाल कितीतरी वर्षें लागेना. कारण बीजुकांची डबी कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. अखेर अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर डब्यांसह रोपें सांपडलीं, त्यांचें वर्णन इ. स. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालें, व ताकाकियाची नोंद शेवाळीच्या खात्यांत कायम झाली.

दिसावयास ती अगदीं क्षुल्लक आहे. एक-दोन सेंटीमीटर उंची आणि बोटांसारखीं चिरलेलीं पानें, इतकेंच तिचें रूप. परंतु तिचें वय ऐकण्यासारखें आहे. हा वंश सुमारें ३९ कोटि वर्षांचा जुना आहे, असें तिच्या आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून दिसून आलें. हिमालय उचलला जाऊं लागला त्यास अवघीं साडेसहा कोटि वर्षें झालीं. म्हणजे पर्वत मागाहून आला, ही आधींपासून तेथें होती, व जमीन जसजशी वर गेली तसतशी हीही तिच्याबरोबर वर गेली. आमच्याकडे एखादें कुळ तीन पिढ्या एकाच जमिनीवर राहिलें तर त्याचा केवढा अभिमान बाळगतात! ह्या कुळाच्या वहिवाटीचा दाखला कोणत्या दप्तरांत मिळावयाचा?

तिबेटांत गावालोंग नांवाच्या हिमनदीजवळ, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर, दोन्ही जाती एकत्र नांदतात. चीनमधील यिकुन हे व जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील राल्फ रेस्की ह्यांच्या मंडळीनें इ. स. २०१० पासून २०२१ पर्यंत तेथें अठरा वेळां जाऊन पाहणी केली व ऑगस्ट २०२३ मध्यें ‘सेल’ ह्या नियतकालिकांत निष्कर्ष छापले. तेथें वर्षांतून आठ महिने ही शेवाळी बर्फाखालीं काळोखांत असते. उरलेल्या चार महिन्यांत तिच्यावर जें ऊन पडतें तें इतक्या उंचीवरचें असल्यामुळें अतिनील किरणांनीं भरलेलें असतें. दुसऱ्या वनस्पति ज्यानें होरपळतील तें हिला बाधत नाहीं. पेशींस झालेली इजा भरून काढण्याची व किरण अडविणारीं द्रव्यें तयार करण्याची हिची शक्ति फार मोठी आहे. तिच्या जनुकांत त्वरेनें बदललेल्या जनुकांची संख्या मोठी असल्याचेंही त्या मंडळीस आढळलें. म्हणजे बाहेरून ३९ कोटि वर्षें तेंच रूप ठेवून ती आंतून मात्र सारखी जुळवून घेत आली आहे.

इतकी चिवट वनस्पति आज मागें कां हटावी? कारण हिमनदी मागें हटत आहे. पाहणीच्या काळांत ती वर्षाला सुमारें ५० मीटर ह्या गतीनें आखडत असल्याचें आढळलें. हवा तापत चालली आहे व बर्फाचें पांघरूण ज्या वेळीं असावयास पाहिजे त्या वेळीं राहत नाहीं. ताकाकियानें व्यापलेली जागा दरसाल सुमारें १.६ टक्के कमी होत गेली. शेजारच्या इतर शेवाळींपेक्षां हा वेग अधिक होता. हा टक्का वाचकांस लहान वाटेल. परंतु चक्रवाढीचा हिशेब ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं करून पाहावा : शंभर गुंठे जागा ह्या दरानें साठ वर्षांत अडतीस गुंठ्यांवर येते. ह्या शतकाच्या अखेरीस साऱ्या पृथ्वीवर ताकाकियास राहण्याजोगी जागा १,००० ते १,५०० चौरस किलोमीटर इतकीच उरेल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्याकडील एखादा मोठा तालुका तेवढा असतो.

येथें जमिनीचाच एक साधा मुद्दा आहे. थंडी शोधीत वनस्पति वर सरकते, हें खरें. पण डोंगर वर निमुळता होत जातो. खालचा पट्टा सुटला व वरचा मिळाला तरी वरचें क्षेत्र खालच्याहून कमीच भरणार, आणि माथा आला कीं पुढें हद्दच संपली. शिवाय ही चालणार किती! बीजुकांनीं दूर पसरणें हिच्यांत फार क्वचित् घडतें. बहुतेक वाढ जागच्या जागीं फुटव्यांनीं होते. बारा वर्षांत पाव कोस मागें गेलेल्या बर्फाचा पाठलाग सेंटीमीटराच्या रोपानें कसा करावा?

आतां दुसरी वनस्पति. हिची राहणी निराळी व हिचें संकटही निराळें.

जपानच्या उत्तरेस होक्काइडो नांवाचें बेट आहे. त्याच्या पूर्व भागांत अकान नांवाचें, ज्वालामुखीच्या विवरांत झालेलें सरोवर आहे. इ. स. १८९७ मध्यें सप्पोरो येथील कृषि महाविद्यालयाचे एक विद्यार्थी ताकिया कावाकामि ह्यांस तेथें पाण्याच्या तळाशीं हिरवे गोल चेंडू पडलेले दिसले. त्यांनीं त्यांस ‘मारिमो’ असें नांव दिलें. ‘मारि’ म्हणजे चेंडू आणि ‘मो’ म्हणजे पाणवनस्पति. तेथील मूळच्या आइनू लोकांत ह्यास ‘तोकारिप’, म्हणजे सरोवरांत लोळणारें, असा शब्द आहे. आमच्या मतें तोच अधिक अचूक आहे. कां तें पुढें दिसेल.

हा गोळा म्हणजे फळ नव्हे कीं बी नव्हे. तो एका शैवलाचा आहे. हें शैवल युरोपांतल्या कित्येक सरोवरांतही आढळतें व लिनीयस ह्या महापंडितानें त्याची एक जात म्हणून नोंद इ. स. १७५३ इतक्या पूर्वीं केली होती. दगडास चिकटून किंवा सुटे धागे होऊन तें पुष्कळ ठिकाणीं राहतें. पण चेंडूचें रूप तें फार थोड्या पाण्यांत धारण करितें. मध्यें खडा नाहीं, गाभा नाहीं. फांद्या फुटलेले असंख्य धागे चहूंकडे वाढून त्यांचा एक घट्ट गोळा होतो. फोडला तर आंतही हिरवाच निघतो. आंतल्या धाग्यांस उजेड मिळत नाहीं, तरी त्यांतलें हरितद्रव्य नुसतें झोंपलेलें असतें. गोळा फुटून आंतला भाग बाहेर आला कीं तेंही कामास लागतें. वाढ वर्षाला सुमारें अर्धा सेंटीमीटर. अकान सरोवरांतले मोठे गोळे ३० सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे मोठ्या कलिंगडाएवढे होतात.

गोल आकार टिकण्यास तीन गोष्टी लागतात : उथळ तळ, बेताचा उजेड आणि लाट. वारा सुटला कीं उपसागराच्या उथळ पाण्यांत लाटा येतात व त्या गोळ्यांस जागच्या जागीं फिरवितात. त्या फिरण्यानें सर्व बाजूंस आळीपाळीनें उजेड मिळतो व अंगावरचा गाळ झडतो. लोळणें थांबलें कीं खालची बाजू कुजते व गोळा मोडतो. म्हणून आम्ही वर आइनू लोकांच्या शब्दास मान दिला.

ह्या गोळ्यांवर पहिलें मोठें संकट आलें तें माणसांच्या कामांतून, व तेंही सरकारनें त्यांस संरक्षण दिल्यानंतर. इ. स. १९२१ मध्यें जपान सरकारनें अकानच्या मारिमोस ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून घोषित केलें. त्याच दशकांत सरोवरांतून निघणाऱ्या नदीवर वीजघर उभें राहिलें व सरोवराचें पाणी वीजघराच्या गरजेप्रमाणें खालीं-वर होऊं लागलें. भोंवतालच्या डोंगरांवरचीं झाडें तुटलीं, त्यांची माती ओढ्यांतून वाहत आली. पश्चिमेकडील उपसागरांतील गोळ्यांचीं ठिकाणें ह्या काळांत नाहींशीं झालीं. पाणी ओसरलें म्हणजे कांठचे गोळे उघडे पडून वाळत, गोठत. ज्यांस तेवढ्यानें समाधान झालें नाहीं ते लोक भेटवस्तु म्हणून विकण्यासाठीं गोळे उचलून नेऊं लागले. एका हातानें ताम्रपट द्यावा व दुसऱ्या हातानें पाट फोडून न्यावा, असा हा प्रकार झाला. दप्तरांतल्या संरक्षणाच्या नोंदीस पाण्याच्या नोंदीची जोड नसली तर ती नोंद कोरडी राहते, हें महसुली कागद चाळलेल्या माणसास निराळें सांगावयास नको.

इ. स. १९५० मध्यें लोकांनीं उचल खाल्ली. नेलेले गोळे परत करण्याचें आवाहन झालें, वीजघराच्या पाण्याविषयीं बोलणीं झालीं, आणि त्याच वर्षापासून दर ऑक्टोबरांत सरोवराच्या कांठीं मारिमोचा उत्सव सुरू झाला. त्यांत आइनू वृद्ध गोळे विधिपूर्वक पाण्यांत परत सोडतात. इ. स. १९५२ मध्यें स्मारकाचा दर्जा वाढवून ‘विशेष’ करण्यांत आला. (मारिमो म्हणजे दोन प्रेमी जीवांचे आत्मे, अशी एक कथा तेथें सांगतात. ती पुरातन नव्हे. १९२० नंतरच्या दशकांत एका जपानी लेखकानें रचिली व दुकानदारांनीं चालविली.) आज दुकानांत जे लहान गोळे विकतात ते बहुतेक दुसरीकडच्या सुट्या धाग्यांचे हातानें वळलेले असतात, लाडू वळावे तसे.

ही झाली पाणी व माती ह्यांची बाजू. खताची बाजू पाहावयाची तर आइसलंड देशाच्या उत्तरेस म्यिवात्न नांवाच्या सरोवराकडे वळलें पाहिजे. हेंही उथळ व ह्यांतही चेंडू होते. तेथले कोळी त्यांस आपल्या भाषेंत ‘गोळ्यांची घाण’ म्हणत, कारण ते जाळ्यांत अडकत. इ. स. २००६ मध्यें त्यांस कायद्याचें संरक्षण मिळालें. आणि २०१४ च्या सुमारास पाहावें तों ते जवळजवळ नाहींसे झाले होते. ह्या सरोवराच्या तळांतून इ. स. १९६७ पासून २००४ पर्यंत डायाटमी माती उपसली जात होती. डायाटम हेंही एक सूक्ष्म शैवलच. त्याच्या मेलेल्या कवचांचा थर म्हणजे ही माती. मेलेलें शैवल काढतां काढतां जिवंत शैवलाच्या मुळावर गोष्ट आली. उपशामुळें पाण्यांत स्फुरद व नत्र ह्यांची भर पडली; तीं मिळतांच पाण्यांत तरंगणाऱ्या नील-हरित जाती माजल्या, पाणी गढूळ हिरवें झालें व तळाशीं उजेड पोंचेना. तळाशीं उजेड नाहीं म्हणजे चेंडू उपाशी.

हीच नील-हरित जाती भाताच्या खाचरांत हवेंतील नत्र धरून पिकास देते, हें इ. स. १९३९ मध्यें पी. के. डे ह्यांनीं दाखविलें व पुढें तिचें कल्चर कोंकणांतील शेतकऱ्यांनींही वापरलें. तेव्हां एका जागचें खत दुसऱ्या जागीं विष होतें, असें म्हणून भागत नाहीं. किती, केव्हां व कोठें, हे प्रश्न सोडवावे लागतात. युरोपांत डेन्मार्क, हॉलंड व जर्मनी ह्या देशांतल्या पुष्कळ सरोवरांतून हें शैवल गेलें, त्याचीं कारणें शोधतां त्यांत शेतांतून वाहून आलेलें खत व गांवांचें सांडपाणी हींच वारंवार पुढें येतात. नत्र हें नायट्रेटच्या रूपानें पाण्यांत विरघळून जातें. स्फुरद मातीच्या कणांस चिकटून मातीबरोबर जातें. आणि गोड्या पाण्याच्या सरोवरांत बहुधा स्फुरदाचीच उणीव असल्यामुळें थोडें स्फुरदही तेथें मोठा फरक करितें. म्हणून ज्याच्या शेताची माती वाहते त्याच्या खताचा पैसाही वाहतो, व खालीं कोणाच्या तरी पाण्यांत तो हिरवा होऊन उगवतो. उजनीच्या जलाशयाचा हिरवा रंग ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. तेथें मुख्य दोष वरच्या शहरांच्या सांडपाण्याचा आहे. परंतु बांध फुटलेल्या शेतांनीं आपण अगदीं निर्दोष आहों असें म्हणूं नये. मोठा पाऊस दाराशीं असतां खत फोंकूं नये, उताराला आडवे बांध राखावे, ओढ्याकांठीं गवताचा पट्टा सोडावा, व भातांत खताच्या गोळ्या चिखलांत खोंचाव्या, हे उपाय आपल्याच खिशाच्या हिताचे आहेत. शैवलासाठीं म्हणून कोणी ते करावे अशी आमची अपेक्षा नाहीं.

उजेडाच्या बाबतींत दोन्ही वनस्पतींची तुलना विशेष बोधक आहे. मारिमोस बेताचा उजेड लागतो. म्यिवात्नमध्यें तो कमी पडून गोळे मेले. अकानमध्यें भीति उलट आहे. हिंवाळ्यांत हें सरोवर गोठतें व वरचा बर्फ प्रखर उजेड अडवितो. हिंवाळे सौम्य होऊन बर्फ पातळ झालें तर पाणी थंडच राहील पण उजेड मात्र वाढेल, आणि थंड पाण्यांतला प्रखर उजेड मारिमोस सोसत नाहीं. टोकियो विद्यापीठांतल्या मंडळीनें इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, अशा उजेडांत सुमारें चार तासांपर्यंत झालेली इजा नंतर सौम्य उजेड मिळाल्यास भरून निघते. सहा तासांच्या पुढें पेशी मरूं लागतात. ताकाकिया मात्र ह्याहून जहाल किरण चार महिने अंगावर घेते. पांघरूण दोघींचेंही जात आहे. एकीस पांघरुणाबाहेरचें ऊन मारतें, दुसरीस ऊन सोसतें पण ऊब सोसत नाहीं. नुसतें ‘हवामान’ एवढें एकच कारण सांगून हा भेद समजला नसता.

व्यापाराचा एक दुष्परिणामही नोंदण्यासारखा आहे. घरांतल्या कांचेच्या हौदांत ठेवण्यासाठीं ह्या गोळ्यांस परदेशांत मोठी मागणी आहे. मार्च २०२१ मध्यें अमेरिकेंतील दुकानांत युक्रेनहून आलेल्या गोळ्यांत झेब्रा शिंपला नांवाचे जीव लपलेले सांपडले. हे जीव पाण्याच्या नळांत व धरणांच्या दारांत लाखांनीं चिकटून बसतात. ताबडतोब विक्री थांबली, व लोकांस आपले गोळे उकळून किंवा गोठवून मग कचऱ्यांत टाकण्याचे आदेश सुटले. बियाण्याबरोबर तण येतें हें आपणांस नवें नाहीं. गाजरगवताची आपल्या देशांतील पहिली नोंद इ. स. १९५५ च्या सुमारास पुण्याची आहे, व आज त्यावांचून बांध सांपडणें कठीण.

आतां उपायांचा विचार. मारिमोच्या बाबतींत ज्यांनीं नुकसान केलें ते व ज्यांस तें थांबवितां येण्यासारखें होतें ते एकाच खोऱ्यांतले लोक होते. पाण्याची पातळी कोणी खालीं नेली तें माहीत होतें, त्याच्याशीं बोलतां आलें. माती कोठून आली तें डोळ्यांनीं दिसत होतें. सांडपाण्याची निराळी व्यवस्था केल्यावर पाणी निवळलें. निवळल्यावर एक नवीनच अडचण निघाली. स्वच्छ पाण्यांत उजेड खोल जाऊन दुसऱ्या पाणवनस्पति दाट वाढल्या व त्यांच्या गर्दींत लाट अडून गोळ्यांचें लोळणें मंदावलें. त्यावर तेथील लोक चुरुइ उपसागरांतील हें पाणतण काढीत आले आहेत. खुरपणी ती खुरपणीच, शेतांत काय किंवा सरोवरांत काय. अशा कामास अंत नाहीं, पण करणाऱ्याच्या हातीं कांहीं आहे.

ताकाकियाच्या बाबतींत तें नाहीं. गावालोंगजवळ कोणी झाडें तोडलीं नाहींत, पाणी वळविलें नाहीं, खत सांडलें नाहीं, कोणी तिला विकावयासही नेत नाहीं. तेथें उत्तम कुंपण घातलें व पहारा बसविला तरी कुंपणाच्या आंतली हवा बाहेरच्यासारखीच तापेल. कारण हजारों कोस दूर, शेंकडों देशांत वांटलेलें आहे. ज्या धनगरांच्या मुलुखांत ती राहते त्यांचा त्यांत वांटा जवळजवळ शून्य. आमच्या मतें दोहोंतला सर्वांत मोठा भेद हाच होय, आणि शेवाळी व शैवल ह्यांच्या शरीररचनेंतील भेदाहून तो कमी महत्त्वाचा नाहीं. एकाचें गाऱ्हाणें गांवच्या चावडींत सुटण्यासारखें आहे. दुसऱ्याचें ऐकून घेणारी चावडी अजून नीटशी बसलेली नाहीं.

तरी ती मंडळी हात जोडून बसलेली नाहीं. त्यांनीं थोडीं रोपें प्रयोगशाळेंत वाढविलीं, तीं तिबेटांतच निवडलेल्या जागांवर नेऊन लाविलीं आणि पांच वर्षें सतत त्यांवर नजर ठेविली. भाताचीं रोपें खाचरांत लावल्यावर जसे पहिले कांहीं दिवस तीं मान टाकतात कीं उभीं राहतात हें पाहावें लागतें, तसेंच हें. फरक इतकाच कीं येथें उत्तर यावयास वर्षें लागतात. लाविलेल्यांपैकीं कांहीं रोपें तगलीं, धरलीं, व वाढूं लागलीं.